रेघेला कुणी हात लावला

त्या घरात थोरलीकडे एक काम होतं आणि ते शाळेत कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. धुणं वाळत घालणं, दूध तापवणं, धाकटीची वेणी घालणं ही कामं जगातल्या सगळ्याच थोरल्यांच्या वाट्याला येतात. त्यांचं कौतुक कुणी करत नाही आणि करायचं कारणही नाही. हे काम वेगळं होतं. बाबांनी कशाकडे तरी बोट दाखवून "आहे का गं?" असं विचारलं, की तिकडे नीट बघायचं आणि "आहे" किंवा "नाही" एवढंच सांगायचं.

बाबा पेंटर होते. भिंती रंगवणारे नव्हेत, अक्षरं रंगवणारे. दुकानांच्या पाट्या, काचेवरची नावं, दवाखान्याच्या वेळा, 'दारासमोर गाडी लावू नये', असलं सगळं. रस्ताभर लोक त्यांना पेंटर म्हणूनच हाक मारायचे. आणि त्यांना आजार होता. ताप मोजता येतो, फोडावर पट्टी बांधता येते, यांच्या आजाराचं तसं काही दिसत नव्हतं. त्यांना नसलेली माणसं ऐकू यायची, कधीकधी दिसायचीसुद्धा. ती बहुतेक जिन्यावर बसलेली असत आणि बाबांबद्दल वाईटसाईट बोलत. एकदा तर बाबा वरच्या खोलीतून खाली उतरेचनात. जिना भरलेला होता, उतरणार कुठून, असं त्यांचं म्हणणं होतं.

डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या आणि सोबत एक युक्ती दिली. शंका आली की विश्वासातल्या माणसाला विचारायचं. ते माणूस सांगेल ते खरं धरायचं. विश्वासातलं माणूस म्हणजे अर्थातच आई. पण हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत आई कामाला होती. ती उजाडायच्या आत निघायची आणि दुपार कलल्यावर परतायची. धाकटी फारच धाकटी. मग उरलं कोण?

मुलांना यातलं काही कळत नाही, असं मोठी माणसं आवाज खाली आणून म्हणतात, आणि मुलं शेजारच्याच खोलीत ते ऐकत असतात. थोरलीला सगळं कळत होतं. आपण एक शब्द बोलतो आणि त्या शब्दावर बाबा रस्ता ओलांडतात, हे तर फारच नीट कळत होतं. एकदा समोरून आभाळ चालत येताना दिसलं तेव्हा बाबा जागीच थांबले. त्यांनी तिचा हात धरला आणि हळूच विचारलं. दोन हमाल कपाटाचा भलामोठा आरसा आडवा धरून नेत होते, त्यात ढग दिसत होते. थोरली म्हणाली, आहे. मग बाबा असे हसले, की हमालांना वाटलं आपलंच काहीतरी चुकलं, आणि तेही हसायला लागले.

धाकटीनं आपल्या परीनं वेगळा मार्ग काढला होता. जिन्यावरची माणसं भुकेली असणार, म्हणून चिडचिड करतात, असं तिचं मत होतं. ती गुपचूप तिसऱ्या पायरीवर दोन बिस्किटं ठेवायची. मुंग्या ती न्यायच्या आणि धाकटीची खात्री पटायची. आईला हे कळलं तेव्हा तिनं धाकटीला धपाटा घातला आणि मग स्वतःच रडत बसली. तेव्हापासून जिन्यावर बिस्किटं बंद झाली.

पुढे गोळ्या बदलल्या आणि जिना रिकामा झाला. खरोखर रिकामा झाला. बाबा दिवसातून कितीदा तरी वर-खाली करायचे, शीळ घालत. पण त्याच गोळ्यांनी त्यांचा हात थरथरायला लागला.

दुसऱ्या कुणाचा हात थरथरला असता तर कपातला चहा सांडला असता, एवढंच. पेंटरचा हात थरथरला की रेघ जाते. घराच्या मागे पत्र्याची खोली होती, तिथे बाबांचं काम चालायचं. आधी पत्र्यावर रंगाचा हात मारायचा. तो वाळला की खडू लावलेली दोरी ताणून फटकारायची, म्हणजे सरळ ओळ उठते. त्यावर पेन्सिलीनं अक्षर काढायचं, मग बारीक ब्रशनं त्याची कड ओढायची आणि शेवटी आतलं पोट भरायचं. कडा बाबा ओढायचे. पोटं भरायचं काम थोरलीचं, शाळेतून आल्यावर. पोट कुणीही भरतं, पण कड ज्याची, पाटी त्याची, असं बाबा म्हणायचे. त्यामुळे घरातल्या कुणीही त्यांच्या कडेला कधी हात लावला नव्हता.

औषधाच्या दुकानदारानं पहिली पाटी परत पाठवली. माणूस सज्जन, एक शब्द वाकडा बोलला नाही. पेंटरची तब्येत बरी नसावी, सावकाश होऊ द्या, घाई नाही, असं म्हणाला आणि आठवडाभरात छापलेली पाटी लावून मोकळा झाला. गंमत म्हणजे हात थरथरवणाऱ्या गोळ्या त्याच्याच दुकानातून यायच्या. बाबा त्या दिवशी बराच वेळ आपला उजवा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसले होते. दुसऱ्याच कुणाचं तरी मूल सांभाळायला दिलंय आणि ते ऐकत नाही, अशा नजरेनं.

त्यानंतर फर्निचरवाल्याची मोठी पाटी आली. हिरव्यावर पिवळी अक्षरं. बाबांनी दिवसभर कडा ओढल्या आणि संध्याकाळी ब्रश धुऊन न बोलता जेवले. सकाळी आई कामाला गेल्यावर थोरली मागच्या खोलीत गेली. बाबा गोळ्यांमुळे उशिरा उठायचे. पिवळ्या कडा जागोजागी हिवाळ्यात कुडकुडल्यासारख्या दिसत होत्या. तिनं हिरवा रंग घेतला आणि बाहेरच्या बाजूनं पिवळी कड कापत गेली. चुकलेली रेघ खोडायची नसते, शेजारच्या रंगानं तिला दाबून सरळ करायचं असतं. हे तिला बाबांनीच कधीतरी बोलता बोलता दाखवलं होतं. शाळेची वेळ होईपर्यंत अर्ध्या पाटीच्या कडा सरळ झाल्या. खोटं कशाला बोला, तिला आपल्या हाताचा अभिमान वाटला. त्या क्षणी तिच्या मनात बाबा नव्हते, फक्त रेघ होती.

फर्निचरवाला पाटी न्यायला आला आणि खूश झाला. पेंटर, हात अजून तसाच आहे तुमचा, असं म्हणून त्यानं बाबांच्या पाठीवर थाप मारली. बाबा पाटीच्या कडेकडे बघत होते. पण त्या रात्री ते दोनदा जेवण वाढून घेऊन जेवले आणि धाकटीला त्यांनी डोक्यावर उलटं धरून हसवलं. हे पाहिल्यावर कुठली मुलगी थांबली असती? थोरली थांबली नाही. शिंप्याची पाटी, सायकलवाल्याची पाटी, दातांच्या डॉक्टरची पाटी, सगळ्यांच्या कडा सकाळच्या उजेडात सरळ होत गेल्या.

आजारी माणूस म्हणजे खुळा माणूस, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा बाबांना काम करताना बघायला हवं होतं. ज्यानं जन्मभर रेघा ओढल्या त्याला आपली कुठली रेघ कुठे हलली हे कळणार नाही? बाबांना ते पहिल्याच पाटीला कळलं होतं. आधी त्यांना वाटलं, संध्याकाळच्या उजेडात आपल्यालाच नीट दिसत नसेल. मग त्यांनी हललेल्या जागेशेजारी पेन्सिलीचा बारीक ठिपका द्यायला सुरुवात केली. सकाळी ठिपका जागेवर असायचा आणि रेघ सरळ.

एका सकाळी ते लवकर उठले. त्यांनी विचारलं तेव्हा थोरली दप्तर भरत होती. ते मागच्या खोलीच्या दारात उभे होते, अंगात रंगाचे डाग पडलेला जुना सदरा होता.

"इकडे ये जरा," ते म्हणाले. "ही रेघ काल वाकडी होती. मी झोपल्यावर कुणीतरी येऊन ती सरळ करतं. रोज करतं. हिला कुणी हात लावलाय का? आहे का नाही, तू सांग."

आता इथे 'आहे' म्हणायला काय झालं होतं? तोंडातून एक शब्द काढायचा, रोज काढतो तोच. पण 'आहे' म्हटलं की पुढे 'कुणी' आलं, आणि त्यापुढे 'मी'. मग कड कुणाची आणि पाटी कुणाची? बाबा ब्रश धुऊन ठेवतील आणि परत हातात घेणार नाहीत, हे तिला लख्ख दिसलं. दोनदा जेवणारे, धाकटीला उलटं धरणारे बाबा आपल्या एका शब्दानं जातील, असंही वाटलं. आणि, हेही सांगायला हवं, तिला चोरी पकडली जाण्याची भीती वाटली, कुठल्याही मुलीला वाटते तशी साधी भीती.

"नाही," थोरली म्हणाली.

बाबांनी नेहमीसारखी मान डोलावली. बरं म्हणाले. तिच्यावर त्यांनी क्षणभरही शंका घेतली नाही. रेघेला कुणी हात लावलेला नाही, तर मग खोटं दिसतंय ते आपल्याच डोळ्यांना, असा त्यांनी सरळ हिशोब केला.

डॉक्टरबाईंनी शिकवल्याप्रमाणे त्यांनी ते लपवलं नाही. संध्याकाळी आईला सांगितलं, पुढच्या भेटीत डॉक्टरबाईंना सांगितलं. रात्री कुणीतरी येतं आणि माझं काम बदलतं असं मला वाटतं, पण तसं काही नाही, थोरलीनं बघितलंय. डॉक्टरबाईंनी त्यांची पाठ थोपटली. इतकं प्रामाणिकपणे सांगणारे पेशंट थोडे असतात, असं म्हणाल्या, आणि गोळी वाढवली.

थोरलीनं त्याच दिवसापासून ब्रशला हात लावणं सोडलं. आता वाकडी रेघ सकाळीही वाकडीच राहायला लागली. तिला वाटलं होतं, प्रकरण इथे मिटेल. करायला गेलं एक आणि झालं भलतंच. रात्री येऊन रेघा बदलणारा माणूस गोळी वाढवताच नाहीसा झाला, म्हणजे वाढवलेली गोळी लागू पडली, असा सगळ्यांनी अर्थ काढला. आईनं सुटकेचा श्वास सोडला. डॉक्टरबाई म्हणाल्या, हीच मात्रा कायम ठेवू या, आणि रोजच्या गोळ्यांची कटकट नको, पुढच्या खेपेपासून महिन्याचं इंजेक्शन देऊ. ते एकदा टोचलं की महिनाभर अंगातून काढता येत नाही.

वाढवलेल्या गोळीनं बाबा दिवसाही झोपायला लागले. जागे असले तरी डोळे जड असायचे आणि जीभ जड असायची. हात इतका हलायचा की पेन्सिलही धरवेना. त्यांनी ब्रश एका फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकले. मागची खोली भाड्यानं द्यावी का, असं आईला विचारलं. पण हे सगळं एकवेळ सहन झालं असतं. थोरलीला सहन होईना ते त्यांचं विचारणं.

पूर्वी ते अधूनमधून विचारायचे, काही विचित्र दिसलं तरच. आता ते साध्या गोष्टीही विचारायला लागले. टेबलावरच्या कपाकडे बघून विचारायचे, आहे का गं? आपल्या चपलांकडे बघून विचारायचे. धाकटी समोर उभी राहून कविता म्हणत असली तर ती संपेपर्यंत थांबायचे आणि मग थोरलीकडे बघायचे. ज्या डोळ्यांवर त्यांची भाकरी होती त्यांच्यावरून त्यांचा विश्वास उडाला होता, आणि तो तिच्या एका शब्दानं उडाला होता. ती प्रत्येक वेळी खरं सांगायची. कप आहे. चपला आहेत. धाकटी आहे, बाबा, आणि कविता चुकली ती. खाई त्याला खवखवे म्हणतात तसं प्रत्येक 'आहे' तिच्या घशात टोचायचं. शाळेत कुणी मागच्या बाकावर कुजबुजलं तरी तिला वाटायचं, कळलं यांना.

शेवटी तिनं आईला सांगितलं. गच्चीवर दोघी वाळलेले कपडे घड्या घालत होत्या. दिवसभर दुसऱ्यांच्या चादरी झटकून आल्यावर आई घरच्या चादरी झटकायची, त्यामुळे तिच्याशी बोलायचं तर चादरीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहूनच बोलावं लागे. थोरलीनं सगळं सांगितलं. आईच्या हातातलं टोक सुटलं. मग तिनं ते उचललं, झटकलं आणि घडी पुरी केली. थोरलीला वाटत होतं, आईनं एक ठेवून द्यावी. निदान ओरडावं तरी. आई ओरडली नाही.

"त्यांना सांगू नकोस," आई म्हणाली. "आत्ता कुठे जिना रिकामा झालाय. एक गोष्ट खरी निघाली असं कळलं, तर ते म्हणतील बाकीचीही खरीच. मग काय करायचं आपण?"

दुधानं तोंड पोळलेली माणसं ताकही फुंकून पितात, आणि आईचं तोंड किती वेळा पोळलं होतं ते थोरलीनं पाहिलं होतं. मागच्या दुखण्यात बाबांना खाली आणायला आई एकेक पायरी बसून बसून उतरली होती, प्रत्येक पायरीवर हात फिरवून दाखवत, इथे कुणी नाही, इथेही कुणी नाही. त्यामुळे आई चुकतेय असं म्हणायला जीभ उचलेना. थोड्या वेळानं आई उशीच्या अभ्र्यांकडे बघत म्हणाली, की हे काम तुला द्यायलाच नको होतं. एवढ्याशा पोरीच्या गळ्यात घातलं आणि मी चादरी धूत बसले. थोरलीला बरं वाटायला हवं होतं. तिला आणखी वाईट वाटलं, कारण आता तिच्यामुळे आईलाही अपराधी वाटत होतं.

इंजेक्शनच्या दिवशी आई नंबर लावायला पहाटेच दवाखान्यात गेली. थोरलीनं बाबांना घेऊन मागून बसनं यायचं, असं ठरलं होतं. धाकटीला शाळेत सोडून ती घरी आली तेव्हा बाबा इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसले होते. सदऱ्याचं एक बटण चुकीच्या काजात होतं. ते नीट करायला ती वाकली, आणि इतक्या जवळून त्यांचा जडावलेला चेहरा दिसल्यावर तिला राहवलं नाही. आज सांगितलं नाही तर पुढचा महिनाभर सांगून उपयोग नव्हता.

तिनं सांगितलं. सकाळी आई गेल्यावर कशी उठायची, कुठला रंग घ्यायची, कुठल्या पाट्या केल्या, आणि त्या दिवशी मी नाही म्हणाले ते खोटं म्हणाले. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"तू गुणाची आहेस," ते म्हणाले. "पण मला बरं वाटावं म्हणून असं सांगू नये. डॉक्टरबाईंनी सांगितलंय, माझ्या मनातल्यासारखं कुणी बोललं की जास्त सांभाळायचं."

हे मात्र तिनं धरलंच नव्हतं. बाबा रागावतील, रडतील, महिनाभर बोलणार नाहीत, इथपर्यंत तिची तयारी होती. आपलं खरं त्यांच्यापर्यंत पोचणारच नाही, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. तिनं त्यांना हाताला धरून मागच्या खोलीत नेलं. माळ्यावरून फडकं काढलं. भिंतीला टेकवलेली एक पाटी होती, अर्ध्यात सोडलेली, तिच्या कडा ब्रश गुंडाळून ठेवले त्या दिवशी जशा होत्या तशाच थरथरलेल्या होत्या. बाबांना तिनं स्टुलावर बसवलं. रंगाच्या डब्यावरची साय काढली, ढवळलं, ब्रश रंगात बुडवून डब्याच्या काठावर निपटला, आणि एका अक्षराची गोलाई वरपासून खालपर्यंत कापत आणली.

बाबा आधी तिच्या तोंडाकडे बघत होते. मग ब्रशकडे बघायला लागले. गोलाई संपली तेव्हा ते पुढे वाकले होते.

"ब्रश लवकर उचलतेस," ते म्हणाले.

थोरलीनं हातातल्या ब्रशकडे पाहिलं.

"शेवटी टोक बारीक होतं. सगळ्या पाट्यांवर होतं. मी म्हणायचो, हा जो कुणी येतो त्याचा हात चांगला आहे, पण तो घाईत असतो."

"शाळा असायची," थोरली म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

ते तिच्या रडण्याकडे बघत नव्हते. ओल्या कडेजवळ बोट नेऊन, न लावता, ते त्या टोकावरून पुन्हा पुन्हा फिरवत होते. म्हणजे त्यांनी पाहिलं ते खरं होतं. ठिपका खरा होता, रेघ खरी होती, कुणीतरी येत होतं तेही खरं होतं. त्यांचे जडावलेले डोळे हळूहळू उघडत गेले. इतक्या दिवसांत प्रथमच चेहऱ्यावर कसलीतरी उमेद दिसली, आणि ती बघून थोरलीलाही वाटलं, बरं केलं आपण सांगितलं. ते सुख फार टिकलं नाही.

"मग जिन्यावरची?" बाबांनी विचारलं. "तीसुद्धा तूच होतीस का?"

आई म्हणाली होती तेच हे. पण आईला वाटलं होतं तसं बाबा घाबरलेले नव्हते. ते आशेनं विचारत होते. जिन्यावर बसून त्यांना इतकी वर्षं नालायक म्हणणारी माणसं आपल्याच मुलीचा काहीतरी खेळ निघाली असती, तर त्यांनी तिला हसत माफ केलं असतं. हो म्हणावं, असं थोरलीला एकदा खरंच वाटलं. सगळं अंगावर घ्यावं.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "ती नव्हतीच. तिथे कुणीच नव्हतं."

"तेव्हाही तू नाही म्हणाली होतीस."

"हो."

"रेघेलाही नाहीच म्हणाली होतीस."

"हो."

बाबांनी बराच विचार केला. त्यांना राग आलेला नव्हता. राग आला असता तर थोरलीला चाललं असतं. पाटीच्या मापात कुठे चूक झाली हे शोधताना ते बसायचे तसे बसले होते.

"दोन्ही वेळा तुझा आवाज सारखाच होता," ते म्हणाले.

तिनं माफी मागितली. एकदा नव्हे, तोंडातून दुसरं काही येईचना. बाबा म्हणाले, असू दे, असू दे. कड चांगली कापलीस, माझ्याहून चांगली. मग त्यांनी तिच्या हातातून ब्रश घेतला आणि स्वतःच धुतला. थरथरत्या हातानं धुतल्यामुळे निम्मं टर्पेंटाइन त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर उडालं. डॉक्टरबाईंना हे सांगायला हवं, असं तेच म्हणाले. पण तू सांग, म्हणाले, मी सांगितलं तर त्यांना खरं वाटायचं नाही. हे म्हणताना ते थोडं हसले. थोरलीला हसता आलं नाही.

बसच्या थांब्यावर गर्दी नव्हती. एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत होते आणि एक बाई भाजीची पिशवी पायाशी ठेवून उभी होती. थोरली डॉक्टरबाईंसमोर काय बोलायचं ते मनात जुळवत होती. त्या इंजेक्शन थांबवतील की नाही, कुणास ठाऊक. गोळी कमी केली तर जिना पुन्हा भरेल की नाही, हेही कुणास ठाऊक. एवढं सांगायचं की माझ्यामुळे झालं. दवाखान्याची फाइल आणि पाण्याची बाटली तिनं छातीशी धरली होती. बाबांच्या सदऱ्याला टर्पेंटाइनचा वास येत होता आणि तो तिला आवडत होता.

वळणावरून बस आली. नंबर त्यांचाच होता. बस थांब्याला लागली, दार उघडलं, आतून दोघंतिघं उतरली. बाबा जागेवरून हलले नाहीत. ते बसकडे बघत होते.

"आहे, बाबा," त्यांनी विचारायच्या आत थोरली म्हणाली. "आपलीच आहे. चला."

बाबांनी तिच्याकडे पाहून मान डोलावली, अगदी प्रेमानं. आणि मग ते पलीकडच्या बाईकडे वळले.

"ताई, बस आलीय का हो?" त्यांनी विचारलं.

बाईनं त्यांच्याकडे पाहिलं, मग थोरलीकडे पाहिलं. आलीय की, म्हणाली. तेव्हा कुठे बाबांनी दांड्याला हात घातला आणि पायरीवर पाऊल ठेवलं. थोरली फाइल सांभाळत त्यांच्या मागोमाग चढली.